सज्ञान होण्यापूर्वीची जमीन

जमिनीच्या व्यवहारात उतरण्याचे वय आता सोळा-सतरा वर्षांवर येऊन ठेपले आहे. निदान ते तसे यावे, असा उपदेश करणारे बरेच झाले आहेत. पूर्वीचा क्रम वेगळा होता. शिक्षकाने किंवा कारकुनाने पंचवीस-तीस वर्षे नोकरी करावी, पतपेढीचे कर्ज फेडीत फेडीत थोडी शिल्लक टाकावी, भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम उचलावी आणि निवृत्तीच्या सुमारास नाचण्याला किंवा कुवारबावला चार खोल्या बांधाव्यात. या क्रमात घाई नव्हती आणि स्वप्नही बेताचे होते. आता त्याच शिक्षकाच्या अकरावीतल्या मुलाला मोबाइलच्या पडद्यावरून कोणी अनोळखी गृहस्थ सांगत असतो की, वडिलांनी जो उशीर केला तो तू करू नकोस. पहिला पगार हाती येण्यापूर्वी पहिली मिळकत नावावर कर. मुलाला ते पटते. जमीन वाढत नाही, माणसे वाढतात, सबब भाव चढतच राहणार, हा युक्तिवाद सोळाव्या वर्षी बिनतोड वाटतो. पुष्कळांना तो साठाव्या वर्षीही तसाच वाटतो.

या उपदेशाचे मूळ बरेचसे अमेरिकेत आहे. १९९७ साली तेथे निघालेल्या 'रिच डॅड पुअर डॅड' या पुस्तकाने असे सांगितले की, राहते घर ही संपत्ती नव्हे. दरमहा खिशात पैसा आणून टाकणारी मिळकत तीच खरी संपत्ती. पुस्तकाचे मराठी भाषांतर झाले आणि ते येथेही खपले. त्यातला गरीब बाप हा व्यसनी किंवा आळशी मनुष्य नाही. तो उच्चविद्याविभूषित शिक्षणाधिकारी आहे. शिक्षकांच्या घरांतून हेच पुस्तक मुलांना वाढदिवसाची भेट म्हणून दिले जाते, त्यातला विनोद देणाऱ्याच्या सहसा ध्यानात येत नाही.

कर्ज काढून घर घ्यावे, ते भाड्याने द्यावे आणि भाड्यातून कर्जाचा हप्ता फेडावा, हा त्या पद्धतीचा गाभा. रत्नागिरीसारख्या गावी तो लावून पाहावा. समजा, तीस लाखांची सदनिका घेतली; सहा लाख पदरचे घातले आणि चोवीस लाख साडेआठ टक्के दराने वीस वर्षांच्या मुदतीने काढले. महिन्याचा हप्ता सुमारे २०,८०० रुपये पडतो. सदनिकेला साडेसात हजार भाडे आले, तर ते वर्षाला किमतीच्या तीन टक्के झाले. उरलेले तेरा हजारांहून अधिक रुपये दरमहा पदरचे घालावे लागतात. शिवाय मुद्रांक शुल्क, घरपट्टी, देखभाल आणि बिऱ्हाड रिकामे राहील ते महिने वेगळेच. एवढी तूट सोसूनही फायदा होईल तो भाव चढले तरच. म्हणजे ज्याला उत्पन्नाचे साधन म्हणून गौरविले जाते तो वस्तुतः भाववाढीवर लावलेला पैसा आहे, आणि तो लावायला अगोदर पगार पाहिजे. सतरा वर्षांच्या मुलापाशी नेमके तेच नसते.

कायद्याने तर हा मार्ग फार पूर्वीच बंद केलेला आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही आणि १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे वय अठरा ठरवले. अज्ञानाने केलेला करार पुढे रद्द करून घेता येतो एवढेच, की तो मुळातच अस्तित्वात येत नाही, याबद्दल काही काळ वाद होता. तो मिटला एका कलकत्त्याच्या प्रकरणात. धर्मदास घोष या अज्ञान तरुणाने १८९५ साली आपली मिळकत ब्रह्मो दत्त नावाच्या सावकाराकडे वीस हजार रुपयांना गहाण टाकली. मुलगा अज्ञान असल्याचे त्याच्या आईच्या वकिलाने सावकाराच्या माणसाला आधीच लेखी कळवले होते. तरीही गहाणखत झाले. दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९०३ साली निकाल झाला की, असा करार आरंभापासूनच शून्य होय. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या खटल्यात उतावळा तरुण आहे, त्याच्या नावावरची मिळकत आहे आणि त्याच्या वयाकडे जाणूनबुजून डोळेझाक करणारा पैसेवाला आहे. 'लहानपणीच सुरुवात करा' असे सांगणाऱ्यांनी यातला तिसरा मनुष्य कोण, हेही सांगायला हवे.

तथापि, अज्ञानाला करार करता येत नाही म्हणून त्याला मालक होता येत नाही असे नव्हे, आणि येथून रत्नागिरीचा खरा विषय सुरू होतो. मालकी वारशाने येते, बक्षीसपत्राने येते. पालकांमार्फत त्याच्या नावे खरेदीखतही होऊ शकते. या जिल्ह्यातील जुन्या सातबारा उताऱ्यांवर एखाद्या नावापुढे 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे आढळतात. अज्ञान, पालन कर्ता अमुक, असा त्यांचा अर्थ. बाप अकाली गेला, मुले लहान राहिली, तलाठ्याने वारस नोंद करताना मुलांची नावे लावली आणि त्यांच्यामागे आईचे किंवा चुलत्याचे नाव पालनकर्ता म्हणून घातले. ही मुले बारा-तेरा वर्षांची असतानाच जमिनीची मालक झाली. त्यांना ते कोणी सांगितले नाही. पुढे ती मुंबईला गेली, नोकरीला लागली, निवृत्त झाली. उताऱ्यावर मात्र ती अज्ञानच राहिली. साठ-पासष्ट वर्षांचा गृहस्थ सरकारदरबारी अद्याप अज्ञान असल्याचे पाहून हसू येते, पण जमिनीच्या बाबतीत ती नोंद पुष्कळदा अक्षरशः खरी असते. राज्य सरकारने २०२५ साली 'जिवंत सातबारा' मोहीम काढली ती मृत खातेदारांची नावे कमी करून वारसांची लावण्यासाठी. असे कालबाह्य शेरे काढण्याचे कामही पुढे तिच्यात आले.

रत्नागिरीचा सातबारा इतका गुंतागुंतीचा का, याला इतिहास आहे. येथे खोती होती. गावचा वसूल खोताने भरावा आणि कुळाकडून उत्पन्नाचा वाटा घ्यावा, ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चालली. तिच्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्ष खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. कुळकायदा १९४८ सालीच आला होता; पुढे त्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणारी कुळे मालक मानली गेली. कागदावर मानली गेली असे म्हणणे अधिक बरोबर. कारण कित्येक ठिकाणी किंमत ठरणे, ती भरणे आणि प्रमाणपत्र मिळणे हे रेंगाळले. त्यातच घरटी एक-दोन पुरुष मुंबईला. जमिनीचे वाटप कोणी केले नाही, कारण वाटण्याएवढे तिच्यात काही नाही अशी समजूत होती. एका आंब्याच्या कलमाच्या बागेवर चाळीस नावे आणि त्यांतील पंचवीस हयात नाहीत, असे उतारे त्यातून तयार झाले. नमुना सात म्हणजे हक्काचे पत्रक, नमुना बारा म्हणजे पिकाची नोंद, नमुना सहा म्हणजे फेरफार आणि आठ-अ म्हणजे एका खातेदाराची सगळी जमीन एके ठिकाणी; एवढी बाराखडी ज्याला येत नाही, त्याला आपल्या घराखालच्या जमिनीचा मालक कोण हे सांगता येणार नाही. पदवीधरांपैकी किती जणांना ती येते, हे एखाद्या शिक्षकांच्या खोलीत विचारून पाहावे.

अज्ञानाच्या हिश्शाचे रक्षण कायदा कसा करतो, हेही थोडक्यात पाहण्याजोगे आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे बापाला किंवा आईला मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीखेरीज विकता येत नाही. तशी विकली, तर मूल सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत तो व्यवहार रद्द करून मागू शकते. अविभक्त कुटुंबाच्या सामाईक मिळकतीतील हिश्शाला हे कलम लागू नाही; तेथे कर्त्याने कुटुंबाच्या खऱ्या गरजेपोटी केलेली विक्री टिकते, आणि गरज खरी होती काय यावरच वर्षानुवर्षे दावे चालतात. मुस्लिम कुटुंबांत तर आईला मुलाच्या मिळकतीचे पालक मानले जात नाही. न्यायालयाने नेमणूक केल्याशिवाय तिने ती विकली तर विक्री टिकत नाही, हे १९१८ सालीच प्रिव्ही कौन्सिलने ठरवले. खाडीकाठच्या ज्या गावांतून बाप आखातात आणि घरचा कारभार आईकडे असतो, तेथे हे माहीत असणे फार गरजेचे आहे. बाहेरून येऊन 'स्वस्तात बाग मिळाली' म्हणून खूष होणाऱ्याने तर हे अधिकच ध्यानी धरावे. ज्या खरेदीखतात एखाद्या मुलाचा हिस्सा गुपचूप ओढला गेला आहे, त्या जमिनीवरचे सावट तो मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत हटत नाही.

नवीन जमीन घेण्याची गोष्ट निघाली की रस्तोरस्तीचे फलक पुढे येतात. 'समुद्र दहा मिनिटांवर', 'महामार्गाला लागून', 'सुलभ हप्ते'. फलकावर काय लिहिलेले नसते ते महत्त्वाचे. १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीखेरीज शेतजमीन विकत घेता येत नाही. मुंबईच्या कारकुनाच्या मुलाला 'शेतकरी दाखल्याचे आम्ही पाहून घेऊ' असे कोणी सांगितले, तर पाहून घेण्याचा प्रकार काय असतो हे समजून घेतलेले बरे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याच्या विक्रीवर बंधने घातली. अलीकडे ती बरीच सैल झाली, तरी अमुक गुंठा बिगरशेती झालेला आहे काय, त्याला नकाशावर रस्ता आहे काय आणि त्याची हद्द मोजून मिळाली आहे काय, हे प्रश्न सुटत नाहीत. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. इतक्या जागेत घर बांधायचे, तर सभोवती सोडायच्या जागेतच बरेचसे स्वप्न संपते. समुद्राच्या बाबतीत १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत आणि २०१९ च्या अधिसूचनेने ते बदलले. भरतीरेषेपासून किती अंतरावर काय बांधता येईल हे त्यावरून ठरते, फलकावरून नव्हे. सदनिका किंवा आखणी केलेला भूखंड घेणाऱ्यांना २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचा आधार आहे. प्रकल्पाची नोंदणी महारेराकडे झाली आहे की नाही हे घरबसल्या पाहता येते, आणि करारनामा नोंदवल्याखेरीज किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास विकासकाला मनाई आहे. तरीही साध्या पावतीवर लाखो रुपये देणारे सुशिक्षित लोक आढळतातच.

याच जिल्ह्यात गेल्या वीस वर्षांत जे घडले ते गुंतवणुकीच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक बोधप्रद आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली आणि येथल्या जमिनीला बाहेर गिऱ्हाईक असू शकते हे प्रथम कळले. पुढे राजापूर तालुक्यात जैतापूरच्या अणुप्रकल्पासाठी माडबन, मिठगवाणे वगैरे गावांची सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादित झाली. लोकांनी विरोध केला, आणि २०१३ मध्ये मोबदला हेक्टरी साडेबावीस लाख रुपयांवर नेण्यात आला. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना २०१७ मध्ये निघाली आणि २०१९ मध्ये ती मागे घेण्यात आली. मग २०२२ मध्ये बारसू-सोलगावचे नाव पुढे आले आणि २०२३ च्या उन्हाळ्यात माती परीक्षणाच्या वेळी तेथे संघर्ष झाला. प्रकल्पांच्या आगेमागे बाहेरगावच्या खरेदीदारांनी या भागात मोठ्या प्रमाणावर जमिनी घेतल्याचा आरोप जाहीरपणे झाला आणि वृत्तपत्रांतून गाजला. विकणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या लेखी तो कातळ होता: पावसाळ्यात चार महिने गवत, एरवी काहीच नाही, उताऱ्यावर पोटखराबा. आणि याच कातळावर हजारो वर्षांपूर्वी माणसाने कोरलेली चित्रे आहेत, ज्यांना २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत स्थान मिळाले. निरुपयोगी म्हणून जी जमीन विकली गेली तिची किंमत ठरवणारे तीन निरनिराळे लोक होते. त्यांत मूळ मालक सर्वांत कमी जाणणारा होता.

या व्यवहारांत सगळ्याच खरेदीदारांचे भले झाले असेही नाही. प्रकल्प दुसरीकडे सरकला की भाव बसतो आणि घेतलेला कातळ कातळच राहतो. परंतु गुंतवणूक या शब्दाखाली जे झाकले जाते ते येथे उघडे पडते. एकाने स्वस्तात घेतले याचा अर्थ दुसऱ्याने स्वस्तात दिले, आणि देणाऱ्याच्या घरात उतारा वाचणारे कोणी नव्हते. सतराव्या वर्षी या धंद्यात शिरू पाहणाऱ्या मुलाने आपण या दोहोंपैकी कोणाच्या घरचे आहोत, हे आधी पाहायला हवे. रत्नागिरी, लांजा, राजापूर, संगमेश्वर येथल्या बहुसंख्य मुलांचे उत्तर ठरलेले आहे. त्यांना जमीन घ्यायची नाही. असलेली ओळखायची आहे.

त्यासाठी भांडवल लागत नाही. अंकीय स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. त्यावरील फेरफार क्रमांक घेऊन जुने फेरफार मागवता येतात आणि आजोबांच्या नावापासून आपल्या नावापर्यंतचा, किंवा आपले नाव जेथे गळाले तेथपर्यंतचा, माग काढता येतो. 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचे नाव आहे की पतपेढीचा बोजा, विहिरीत कोणाचा हिस्सा आहे, वाट कोणाची आहे, हे वाचता येते. तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव मिळाले आहे, पण त्याच्याशी बोलण्याची भीती पूर्वीइतकीच आहे. ती सोळाव्या वर्षी गेली तर पुढे उपयोगी पडेल. मे महिन्यात मुंबईहून भावकी येते तेव्हा एखाद्या वृद्धाबरोबर गडग्याने गडग्याने चालून हद्द पाहून घेणे हे तर पुस्तकात नसलेले शिक्षण आहे, आणि ते देऊ शकणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ज्याला पैसाच गुंतवायचा आहे त्याला दहा वर्षांपुढील मुलांसाठी टपाल खात्यात स्वतःच्या सहीने खाते चालवता येते. भाड्याच्या उत्पन्नात थोडक्या पैशाने भाग घ्यायचा, तर २०१९ पासून कचेऱ्यांच्या इमारतींवर आधारलेली युनिटे शेअरबाजारात मिळू लागली आहेत. पालकांच्या देखरेखीखाली तीही घेता येतात. त्यांतही भाव उतरतो, हे सांगायला नको.

शाळांना यात करण्याजोगे बरेच आहे. नववी-दहावीच्या वर्गात बसलेली मुले दहा गावांची असतील, तर त्यांच्या घरी दहा प्रकारचे उतारे आहेत. त्यांतील नावे झाकून एक-एक फळ्यावर मांडला, तर क्षेत्रफळाचे गणित, खोतीचा इतिहास, जमिनीचा भूगोल आणि वारसाचा कायदा एकाच तासात शिकवता येईल. शिक्षकांनाही त्यानिमित्ताने स्वतःचा उतारा काढावा लागेल, हा जादा लाभ. मुलांच्या हाती जमिनीची माहिती दिल्याने घराघरांतून भांडणे लागतील, असा आक्षेप येईल. भांडणे आजही आहेत. ती साठीच्या वयात, कागद हरवल्यावर आणि साक्षीदार गेल्यावर सुरू होतात, एवढेच.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः हक्क दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. अज्ञान असेपर्यंत मुलीकडून हक्कसोडपत्र करून घेता येत नाही. म्हणून पुष्कळ घरांत तिच्या अठराव्या वाढदिवसाची वाट पाहिली जाते, आणि मग शिष्यवृत्तीच्या किंवा प्रवेशाच्या कागदांबरोबर, नाहीतर लग्न ठरल्यावर, आणखी एक कागद पुढे येतो. भावाला जमीन द्यावीशी वाटणे यात गैर काही नाही. पुष्कळ बहिणी ती राजीखुशीने देतात. प्रश्न आहे तो कोणत्या गट क्रमांकातील, किती क्षेत्रातील आणि आज काय किमतीचा हिस्सा आपण सोडीत आहोत, हे तिला ठाऊक असण्याचा. अशा पत्राची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी व्हावी लागते. त्यानंतर फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. पूर्वी ही नोटीस गावच्या चावडीवर डकवली जाई आणि पुण्याला शिकणाऱ्या मुलीला तिचा पत्ता लागत नसे. आता ती महसूल खात्याच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावरही लागते. गावाचे नाव निवडले की दिसते.